माणिकबागचे धनी

इंदूरच्या माणसाच्या तोंडी यशवंतराव महाराजांचे नाव दिवसातून एकदा तरी येतेच. आजाऱ्याला एम. वाय. इस्पितळात न्यावयाचे म्हटले की ते येते. होळकर संघाने जिंकलेल्या रणजी करंडकांची आणि कर्नल सी. के. नायडूंची गोष्ट निघाली की पुन्हा येते. परंतु ज्या कामामुळे हे नाव पॅरिस आणि बर्लिनच्या जाणकारांना ठाऊक झाले, ते मात्र त्यांच्याच शहरात क्वचित कोणी सांगतो. ते काम म्हणजे एक घर होय.

महाराजांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८ चा. शिक्षण बव्हंशी इंग्लंडात झाले. प्रथम शाळेत आणि पुढे ऑक्सफर्डला. १९२४ साली कागलकर घाटग्यांच्या कन्या संयोगिताराजे यांच्याशी त्यांचा विवाह झाला, तेव्हा दोघेही लहानच होते. १९२६ साली बावला खून प्रकरणाच्या वादळात वडील तुकोजीराव यांना गादी सोडावी लागली आणि सतराव्या वर्षी संस्थानाचे स्वामित्व या मुलाकडे आले. प्रत्यक्ष कारभाराचे अधिकार मिळावयास १९३० चा मे महिना उजाडला.

ऑक्सफर्डच्या दिवसांतच त्यांची एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराशी ओळख झाली. हा तरुण १९०४ साली लंडनमध्ये जन्मलेला. त्याचे वडील हेर्मान हे इंग्रजी घरांवरील ग्रंथामुळे वास्तुकलेच्या जगात नावाजलेले होते. मुलाच्या नावावर मात्र अजून फारसे काही नव्हते. महाराजांनी आपला नवा महाल या पंचविशीतल्या माणसाच्या हवाली केला. राजाने नामवंताला बोलवावे हा रिवाज असताना एका समवयस्काला निवडण्यात किती धैर्य होते, याची कल्पना आज सहसा येत नाही.

इंदूरने तोवर पाहिलेले महाल कसे होते, हे ध्यानात घेतले पाहिजे. जुना राजवाडा मराठी दिमाखाचा. लालबाग युरोपातील राजमहालांच्या थाटाचा, सोनेरी नक्षी, झुंबरे आणि रंगविलेली छते यांनी भरलेला. दोन्ही ठिकाणी दालन हे पाहुण्याला दिपविण्यासाठी असते. १९३० ते १९३३ या काळात आकाराला आलेल्या माणिकबागेने हा प्रश्नच उलट्या बाजूने सोडविला. बाहेरून वास्तू साधी, जवळजवळ अबोल. आतला विचार असा की, येथे दोन माणसांना राहावयाचे आहे, वाचावयाचे आहे, निजावयाचे आहे आणि माळव्यातला उन्हाळा काढावयाचा आहे.

मग प्रत्येक वस्तू त्या हिशेबाने आली. दारे-खिडक्यांच्या धातूच्या चौकटी जर्मनीत तयार होऊन जहाजाने आल्या. हवा थंड राखण्याची यंत्रणा बसविली गेली. वाचनाच्या दालनासाठी मुथेसियसने लाल आरामखुर्च्या काढल्या, त्यांच्या पाठीलाच दोन्ही बाजूंना दिवे जडविलेले. खुर्चीत बसले की उजेड आपोआप पुस्तकावर पडावा. राजदांपत्याच्या शयनगृहांसाठी लुई सोन्यो आणि शार्लोत अलीक्स यांनी काच व धातूचे पलंग केले. रूलमनने महाराजांसाठी आबनुसी लाकडाचे प्रशस्त मेज घडविले. आयलीन ग्रे हिची खुर्ची आली. ल कॉर्ब्युझिए, जानेरे आणि शार्लोत पेरियाँ यांची लांबट आरामखुर्ची आली. जमिनीवर दा सिल्वा ब्रुन्स याचे भौमितिक आकृत्यांचे गालिचे अंथरले गेले. हे कारागीर तेव्हा युरोपातही नवेच वाटत. त्यांच्यापैकी कित्येकांचे काम एका घरात, तेही माळव्यात, एकत्र नांदले.

चित्रकार बुते द मोंव्हेल याने महाराजांच्या दोन तसबिरी काढल्या. एकीत ते युरोपीय संध्यापोशाखात आहेत, दुसरीत मराठी राजवेषात. चेहरा एकच, सडपातळ बांधा तोच. या दोन पोशाखांपैकी खरा कोणता, हे पाहणाऱ्याला ठरविता येत नाही. बहुधा महाराजांनाही ते ठरवावयाचे नसावे.

आँरी-पिएर रोशे या फ्रेंच कलाप्रेमी सल्लागाराने त्यांची शिल्पकार ब्रांकुशीशी गाठ घालून दिली. महाराजांनी त्याचे अवकाशातील पक्षी घेतले: एक पितळी रंगात झळकणाऱ्या काशाचा, एक पांढऱ्या संगमरवराचा, एक काळ्या. त्या पक्ष्यांसाठी इंदुरात एक ध्यानमंदिर बांधावे, आत पाणी असावे आणि भूमिगत वाटेने आत शिरावे, अशी कल्पना निघाली.

पण १९३७ साली संयोगिताराजे स्वित्झर्लंडमध्ये ऐन तारुण्यात वारल्या. ज्या दोघांच्या मापाने घर बेतले होते, त्यांतले एक माप नाहीसे झाले. ब्रांकुशी त्याच वर्षाच्या अखेरीस मंदिरासाठी इंदुरास निघाला, परंतु काम सुरू झाले नाही आणि तो परतला. मंदिर कागदावरच राहिले.

पुढे महाराजांचे परदेशी वास्तव्य वाढले आणि त्याबद्दल टीकाही झाली. त्या टीकेत तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. गिरण्यांच्या या शहराच्या महसुलातून उभे राहिलेले हे घर शहराने आतून पाहिले नाही. येथल्या सुताराला ती लाल खुर्ची पाहून दुसरी घडविण्याची संधी मिळाली नाही. मागविलेले नवेपण बागेच्या भिंतीआड राहिले, ते गावात रुजले नाही. महाराजांच्या रसिकतेला खोट नव्हती. उणीव होती ती या ठिकाणी.

१९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि महाराज त्या राज्याचे उपराजप्रमुख झाले. ५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. काळा आणि पांढरा पक्षी १९७३ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाने घेतले. १९८० च्या मे महिन्यात माणिकबागेचे सामान मोनाकोत लिलावात निघाले आणि देशोदेशी पांगले. २०१९ साली पॅरिसच्या सजावटकला संग्रहालयाने महाराजांवर मोठे प्रदर्शन भरविले, तेव्हा कुठे त्यांतील पुष्कळ वस्तू पुन्हा एकमेकींजवळ आल्या, त्याही परक्या छताखाली.

माणिकबागेची वास्तू इंदुरात उभी आहे. तेथे सरकारी कर खात्याची कचेरी भरते. खुर्च्या गेल्या, गालिचे गेले, पक्षी उडाले. परंतु घर बांधताना आपण कोणाला दाखवावयाचे याआधी त्यात कोण राहणार हे पाहावे, एवढा धडा त्या भिंती अजूनही देऊ शकतात. नव्या वसाहतींत कर्ज काढून घर बांधणाऱ्या आणि बैठकीच्या खोलीवर सगळा पैसा ओतून निजण्याची खोली अंधारी ठेवणाऱ्या आपल्यासारख्यांना तो महाराजांपेक्षाही अधिक उपयोगाचा आहे.