भास्कराचार्य

पाचाडच्या खाचरात भाताची लावणी चालली आहे असे समजा. ६ मजूर ४ दिवसांत काम संपवतात. ८ मजूर आले तर किती दिवस लागतील? घाईघाईने त्रैराशिक मांडणाऱ्या मुलाचे उत्तर पाच दिवसांहून जास्त येते. माणसे वाढली आणि दिवसही वाढले! नियम खोटा नव्हता, तो भलत्याच ठिकाणी वापरला गेला.

अशी फसगत होऊ नये म्हणून फार पूर्वी एका थोर गणितज्ञाने काळजी घेतली होती. त्यांचे नाव भास्कराचार्य. त्यांचा जन्म इ. स. १११४ मध्ये झाला. सह्याद्रीजवळचे विज्जडविड हे त्यांचे गाव. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. ‘लीलावती’ हा त्याचाच एक भाग.

त्रैराशिकात तीन संख्या कोणत्या क्रमाने मांडायच्या, हे ‘लीलावती’त आधीच सांगितले आहे. पहिली आणि शेवटची एकाच जातीची हवी, वेगळ्या जातीची मध्ये. ५ किलो तांदूळ २०० रुपयांना, तर ८ किलो ३२० रुपयांना. कोणीही करो, उत्तर तेच. एक संख्या वाढली की दुसरी घटते, अशा हिशोबाला मात्र ‘लीलावती’त व्यस्त त्रैराशिक असे निराळे नाव आहे. लावणीचे खरे उत्तर त्यानेच मिळते : ३ दिवस.

आज संगणकाच्या आज्ञावलीत ‘फंक्शन’ नावाचे छोटे भाग असतात. चांगल्या फंक्शनचे नाव त्याचे काम सांगते. त्याला काय द्यायचे व कोणत्या क्रमाने, हे ठरलेले असते. जे काम त्याला जमत नाही, तेथे ते खोटे उत्तर न देता तसे कळवते. भास्कराचार्यांनीही ऋण संख्येला वर्गमूळ नाही, असे स्पष्ट सांगून ठेवले. शून्याने भागण्याबाबत मात्र (आपण उर्दूत त्याला सिफर म्हणतो) त्यांचे सगळे नियम आजच्या गणिताला मान्य नाहीत.

अकबराच्या दरबारातील कवी फैजी यांनी इ. स. १५८७ मध्ये ‘लीलावती’ फारसीत आणली. पुढे शाहजहानच्या काळात अताउल्लाह रशीदी यांनी ‘बीजगणित’ या भागाचे फारसी भाषांतर केले.

भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालू राहावे म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापन केला. इ. स. १२०७ चा तेथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. लेख बराचसा संस्कृतात आहे, पण शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर ग्राहकांकडून राजाला जे उत्पन्न मिळे, ते मठाला दिल्याची नोंद त्या मराठी ओळींत आहे.