वाल्टर कॉसेल

वाल्टर कॉसेल (४ जानेवारी १८८८ – २२ मे १९५६) हे जर्मन भौतिकीविज्ञ होते. धातूचे अणू इलेक्ट्रॉन देतात, अधातूचे अणू ते स्वीकारतात आणि त्यातून निर्माण झालेले विरुद्ध प्रभारांचे आयन विद्युत आकर्षणाने एकत्र राहतात, हा आयनिक बंधाचा सिद्धांत त्यांनी १९१६ मध्ये मांडला. क्ष-किरणांचा वर्णपट आणि स्फटिकांची वाढ या विषयांतील त्यांचे संशोधनही महत्त्वाचे आहे.

जीवन

कॉसेल यांचा जन्म बर्लिन येथे झाला. त्यांचे वडील आल्ब्रेख्त कॉसेल यांना पेशींच्या रसायनशास्त्रावरील कार्याबद्दल १९१० चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. मुलाने मात्र भौतिकीची वाट धरली. हायडेलबर्ग विद्यापीठात फिलिप लेनार्ट यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९११ मध्ये डॉक्टरेट मिळविली. १९१३ मध्ये ते म्यूनिकला गेले व आर्नोल्ट झोमरफेल्ट यांच्या सहवासात आले. नील्स बोर यांची अणूची प्रतिकृती त्याच वर्षी प्रसिद्ध झाली होती. तिच्या आधारे कॉसेल यांनी १९१४ मध्ये क्ष-किरणांचा उलगडा केला: आतील कवचातून इलेक्ट्रॉन निघून गेला, की बाहेरील कवचातील इलेक्ट्रॉन त्या जागी येतो आणि त्या वेळी मुक्त होणारी ऊर्जा क्ष-किरणांच्या रूपाने बाहेर पडते.

१९२१ मध्ये ते कील विद्यापीठात आणि १९३२ मध्ये डान्झिग येथील तांत्रिक विद्यापीठात प्राध्यापक झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ मध्ये, त्यांना ते शहर सोडावे लागले. १९४७ पासून त्यांनी ट्युबिंगेन विद्यापीठात अध्यापन केले.

आयनिक बंधाचा सिद्धांत

निऑन, अरगॉन इत्यादी राजवायू सहसा कोणाशीही संयोग पावत नाहीत. या वायूंची इलेक्ट्रॉन मांडणी विशेष स्थिर असते व इतर अणू तीच गाठू पाहतात, असे कॉसेल यांनी प्रतिपादन केले. सोडियमच्या ११ इलेक्ट्रॉनांची मांडणी २, ८, १ अशी आहे. एक इलेक्ट्रॉन दिल्यावर निऑनप्रमाणे १० उरतात. क्लोरीनच्या १७ इलेक्ट्रॉनांची मांडणी २, ८, ७ अशी आहे. एक इलेक्ट्रॉन मिळताच अरगॉनप्रमाणे १८ होतात. दिलेल्या वा घेतलेल्या इलेक्ट्रॉनांची संख्या हीच अशा मूलद्रव्यांची संयुजा होय.

तथापि सोडियम इलेक्ट्रॉन आपखुशीने देतो, असे समजणे चुकीचे आहे. वायुरूप सोडियमच्या एक मोल अणूंपासून इलेक्ट्रॉन काढण्यास सुमारे ४९६ किलोज्यूल ऊर्जा लागते, तर क्लोरीनच्या अणूंनी ते स्वीकारल्यावर सुमारे ३४९ किलोज्यूलच परत मिळते. ही तूट आयन एकत्र येऊन स्फटिक बनताना भरून निघते, कारण तेव्हा सुमारे ७८७ किलोज्यूल ऊर्जा मुक्त होते. मिठाचे स्थैर्य मुख्यतः या आकर्षणात आहे. मिठात सोडियम क्लोराइडचा सुटा रेणू नसतो. प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन आणि प्रत्येक क्लोराइड आयनाभोवती सहा सोडियम आयन असतात. मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये आयनांवरील प्रभार दुप्पट असल्याने आकर्षण कितीतरी प्रबळ होते. म्हणूनच मीठ ८०१° से. ला वितळते, तर मॅग्नेशियम ऑक्साइड वितळण्यास २,८००° से. पेक्षा अधिक तापमान लागते.

मर्यादा

क्लोरीनच्या रेणूतील दोन्ही अणू सारखेच असल्याने त्यांपैकी कोणी द्यावे आणि कोणी घ्यावे, याचे समाधानकारक उत्तर या सिद्धांतात नव्हते. ते अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईस यांनी त्याच वर्षी इलेक्ट्रॉन जोडीच्या भागीदारीच्या कल्पनेतून दिले. एकमेकांच्या शत्रुपक्षांत लवकरच उभ्या राहणाऱ्या दोन देशांतील या दोघांचे विचार आज पाठ्यपुस्तकांत कॉसेल-लुईस दृष्टिकोन या एकाच नावाखाली शिकविले जातात.

इतर कार्य व सन्मान

१९२७ च्या सुमारास कॉसेल यांनी स्फटिकांच्या वाढीचा सिद्धांत मांडला. नवा आयन सपाट पृष्ठावर कोठेही न बसता अर्धवट भरलेल्या ओळीच्या टोकाशी बसतो, कारण तेथे त्याला अधिक शेजारी लाभतात. ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील मिठागरांत मिठाचे दाणे घनाकार का वाढतात, हे समजण्यास ही कल्पना उपयोगी पडते. बल्गेरियाचे इव्हान स्ट्रान्स्की यांनीही स्वतंत्रपणे असेच विवेचन केल्याने हा सिद्धांत दोघांच्या नावाने ओळखला जातो. १९४४ मध्ये कॉसेल यांना माक्स प्लांक पदक प्रदान करण्यात आले.