खराटा आणि पूर्णेचा घाट

गेल्या डिसेंबरात घरगुती कामानिमित्त कमठाण्यास जाण्याचा योग आला. आपल्या हैदराबादेतील जुन्या मराठी घरांपैकी पुष्कळांचे एखादे तरी नाते बीदरच्या मुलुखात असतेच. माझी आत्या कमठाण्यास दिलेली होती आणि आतेभावाचे घर तेथे अजून आहे. बीदर शहरापासून जवळच असलेल्या या गावी पार्श्वनाथाची जुनी बस्ती पाहावयास जाणकार मंडळी अधूनमधून येतात. मराठी, कानडी आणि दखनी अशा तिन्ही भाषा तेथे एकाच ओट्यावर नांदतात.

मी गेलो तो दिवस २० तारखेचा, म्हणजे गाडगेबाबांच्या पुण्यतिथीचा होता. दहाबारा पोरांनी त्या निमित्ताने गावालगतचा ओढा साफ करावयाचे काढले होते. पाहुणा संगीतशिक्षक आहे असे कळताच त्यांनी मला धरले. संगीतशिक्षक म्हणजे भजन म्हणणारा आणि भजन म्हणणारा म्हणजे चार शब्द सांगणारा, असा त्यांचा सरळ हिशेब. मी उभा राहिलो आणि सांगू लागलो. पण बोलता बोलता असे ध्यानात आले की त्यांच्यातल्या निम्म्यांच्या मते गाडगेबाबा हे सरकारी स्वच्छतेच्या योजनेचे नाव आहे. महाराष्ट्र शासनाने २००० साली त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छतेचे अभियान काढले, त्याचा हा परिणाम. माणूस योजनेत विरघळून गेला. त्या दिवशी माझ्या सांगण्यात क्रम राहिला नाही, म्हणून ती हकीकत येथे नीट लावून लिहीत आहे.

बाबांचे नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी त्यांचा जन्म झाला. तेव्हा वऱ्हाड कागदोपत्री निजामाचे होते, पण १८५३ पासून कारभार इंग्रजांच्या हाती होता. म्हणजे नावापुरते का होईना, बाबा जन्माने आपल्याच संस्थानचे. जात परीट. नदीचा काठ हा परटाच्या उपजीविकेचा काठ. पाणी स्वच्छ आहे की गढूळ, हे त्याला दुसऱ्या कोणाच्या आधी कळते. वडील झिंगराजी दारूच्या पायी गेले. होते नव्हते ते घरदारही त्याच पायी गेले. आई सखूबाईने लहानग्या डेबूला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यात दापुरे येथे माहेर गाठले.

आजोळी डेबूने गुरे राखली, शेती केली, पूर्णेच्या पाण्यात पोहण्यात नाव मिळवले आणि सवंगड्यांना जमवून भजनाचा नाद लावून घेतला. मामा चंद्रभान सावकाराच्या कागदांत अडकले, जमीन गेली आणि त्याच धसक्याने ते खचले. अक्षर न ओळखणाऱ्या माणसाला कागद कसा गिळतो, हे डेबूजीने घरातच पाहिले. पुढे आयुष्यभर कीर्तनातून मुलांना शाळेत घाला म्हणून जो घोष त्यांनी केला, त्याचे मूळ येथे आहे. लग्न १८९२ साली झाले, पत्नी कुंताबाई. पहिल्या मुलीच्या बारशाला जातीच्या चालीप्रमाणे दारू आणि बकरे न करता त्यांनी गोडाचे जेवण घातले. त्या काळी भाऊबंदांच्या पंगतीत ही गोष्ट सोपी नव्हती.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी पहाटे त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या जोडून केलेले वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, एका हाती काठी आणि दुसऱ्या हाती मातीचे गाडगे. त्या गाडग्यातच भाकरी खावयाची, त्यातूनच पाणी प्यावयाचे. लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले ते यावरून. पुढची बारा वर्षे ते असेच हिंडले.

आता मूळ विषयाकडे येतो. अमरावती जिल्ह्यात पूर्णेच्या काठी ऋणमोचन म्हणून क्षेत्र आहे. पौषातल्या रविवारी तेथे मोठी यात्रा भरते. पूर्णेचा काठ काळ्या चिकणमातीचा. वऱ्हाडची ती माती ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगावयास नको की ओली झाली म्हणजे तिच्यावर पाय ठरत नाही. हजारो माणसांच्या ओल्या पायांनी उताराचा राडा व्हावयाचा. म्हातारीकोतारी माणसे घसरावयाची, भरल्या घागरी घेऊन वर येणाऱ्या बायांचे हाल व्हावयाचे. वर्षानुवर्षे यात्रा भरत होती आणि वर्षानुवर्षे लोक घसरत होते. तो जणू पुण्याचाच भाग होता. चिंध्या पांघरलेल्या या माणसाने फावडे घेतले आणि काठ उतरता करावयास आरंभ केला. कोणास बोलावले नाही. थोड्या वेळाने दोघे आले, मग चौघे आले. ज्याच्या हाती काही नव्हते त्याने उपरण्यातून माती वाहिली. या धडपडीतून १९०८ च्या सुमारास पूर्णेवर दगडी घाट उभा राहिला आणि जवळच लक्ष्मीनारायणाचे देऊळ झाले.

त्याच १९०८ च्या सप्टेंबरात आपल्या मुशीने हैदराबादेत काय केले, ते प्रत्येक घरात आजीकडून नातवापर्यंत आलेले आहे. त्या महापुरानंतर दरबाराने तिजोरी उघडली, मोठे इंजिनियर आणले आणि पुढे उस्मानसागर व हिमायतसागर बांधले. ते काम थोर होते, यात शंका नाही. पण नदीकडे पाहण्याच्या या दोन रीती एकाच वर्षी चालू झाल्या, याचे मला नेहमी नवल वाटते. एक हुकुमाची, दुसरी उपरण्याची. आज मुशीची गत काय आहे हे पुलावरून नाक दाबून जाणाऱ्यास विचारण्याचे कारण नाही. तिला तलाव मिळाले, काठावरची माणसे मात्र मिळाली नाहीत.

पंढरपूरची गोष्ट याहून मोठी. आषाढी-कार्तिकीस लाखो लोक चंद्रभागेच्या वाळवंटात उतरावयाचे. तेथेच राहणे, तेथेच रांधणे, उष्ट्या पत्रावळी तेथेच आणि पहाटेचे विधीही तेथेच. प्यावयाचे पाणीदेखील त्याच पात्रातले. त्या काळी यात्रा आणि पटकी ही जोडनावेच झाली होती. आलेले यात्रेकरू परत जाताना रोग आपापल्या गावी घेऊन जात. बाबा पंढरपुरास जात, परंतु देवळात जात नसत. खराटा घेऊन वाळवंटात उतरावयाचे, घाण गोळा करावयाची, खड्डा खणावयाचा, पुरावयाची, वर माती लोटावयाची, की लागले पुढच्या जागी. दिवसभर हे आणि रात्री कीर्तन.

माझे वडील निजामाच्या दरबारात पखवाज वाजवीत. संस्थानाच्या अगदी अखेरच्या वर्षांत, तरुण वयात त्यांना ती चाकरी मिळाली होती. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. चाकरीस लागल्यावर एका कार्तिकीस ते पंढरपुरास गेले. सकाळी वाळवंटात एक म्हातारा भिकारी घाण उचलताना त्यांनी पाहिला आणि उपरणे नाकाला लावून ते बाजूने गेले. रात्री कीर्तन मोठे आहे म्हणून सोबतचे लोक घेऊन गेले, तो उभा राहिलेला कीर्तनकार तोच सकाळचा म्हातारा.

दरबारी कानाला त्या कीर्तनात ऐकण्यासारखे काय असणार? सूर खडबडीत, भाषा वऱ्हाडी, साथीला टाळ असला तर असला. राग शोधू गेल्यास सापडावयाचा नाही. पण लयीविषयी वडिलांचे मत निराळे होते. बाबा प्रश्न विचारीत, हजारो लोक एका आवाजात उत्तर देत, आणि दुसरा प्रश्न नेमका त्या उत्तराच्या तोंडावर येऊन पडे. एवढ्या जमावाची सम इतकी अचूक गाठणारा गवई आपण दुसरा पाहिला नाही, असे वडील म्हणत. मी स्वतः मुलांना ताल शिकवितो, म्हणून जाणतो की वीस मुलांना एकत्र समेवर आणणे हीच मोठी शर्थ असते. बाबांचा बोलका आवाज ध्वनिफितीवर शिल्लक आहे. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याच्या पोलीस वसाहतीत झालेले कीर्तन मुद्रित करून ठेवलेले आहे. ते ऐकल्यावर वडिलांचे म्हणणे मला पटले.

कीर्तन संपता संपता बाबांनी उद्या पहाटे वाळवंटात यावे असे सर्वांस सांगितले. वडील गेले नाहीत. पखवाजियाचे हात, कुदळीने फोड आला, बोट ठेचले तर दरबारात काय वाजवावयाचे? ही सबब खोटी नव्हती, पण वडिलांना ती पुरी पडली नाही. म्हातारपणी त्यांनी ही हकीकत मला तीनदा तरी सांगितली आणि दर वेळी शेवटी हातांकडे पाहिले. तोपर्यंत दरबार जाऊन कित्येक वर्षे झाली होती.

बाबांच्या मोठ्या कामांची यादी सर्वज्ञात आहे, तीत मी फार रमत नाही. १९१७ साली पंढरपुरास चोखामेळ्याच्या नावाची धर्मशाळा झाली. ज्यांना देवळाची पायरी बंद होती त्यांना पाठ टेकावयास छप्पर मिळाले. ती वास्तू १९४९ साली त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. नाशिक, देहू, आळंदी येथेही धर्मशाळा उठल्या, म्हणजे पुन्हा गोदावरी आणि इंद्रायणी. मुंबईत दूरगावच्या रोग्यांच्या नातलगांसाठी सोय झाली. लाखो रुपये या माणसाच्या शब्दावर आले आणि त्यांतला एक पैसा त्यांच्या गाडग्यात पडला नाही. घरच्यांनाही त्यांनी त्या इमारतींत हक्क ठेवला नाही. १९२३ साली एकुलता मुलगा गोविंद गेला. बाबा तेव्हा कोकणात खारेपाटणला कीर्तनात होते. बातमी आली, कीर्तन थांबले नाही. या प्रसंगाची लोक थोरवी गातात. माझ्या मनात मात्र दर वेळी कुंताबाई येतात. त्या माउलीच्या वाट्यास काय आले, याचा हिशेब कोणत्याही चरित्रात पुरता लागलेला मी पाहिला नाही.

१९५२ साली संस्थांच्या व्यवस्थेसाठी गाडगे महाराज मिशन स्थापन झाले. विश्वस्तांचे कागद झाले, इमारतींची नोंद झाली. ज्याच्या मामाला कागदाने बुडविले त्याने कागद किती काळजीने करविले असतील, हे लक्षात घ्यावे. त्या इमारती टिकल्या. पण खराट्याचा विश्वस्तनामा करता येत नाही. घाट एकदा बांधला की शंभर वर्षे उभा राहतो. त्याच्या पायऱ्यांवरचा गाळ आणि निर्माल्य दर आठवड्यास काढावे लागते. ते काम बाबा कोणाच्या नावे करून गेले नाहीत. म्हणून असेल, त्यांच्या धर्मशाळा शोधावयास गेल्यास सापडतात; चंद्रभागेची स्वच्छता मात्र २०१६ साली शासनास नव्याने योजना काढून हाती घ्यावी लागली.

६ डिसेंबर १९५६ रोजी आंबेडकर गेले. बाबांची प्रकृती तेव्हा ढासळलेलीच होती. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबरास, अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर मोटारीतच त्यांनी देह ठेवला. ही पेढी पुढे पूर्णेस मिळते.

कमठाण्याच्या पोरांना मी याच्या निम्मेही सांगू शकलो नाही. बीदरच्या मुलुखातली करंजा मांजरेला मिळते आणि ते मांजरेचे पाणी आम्ही हैदराबादकर वर्षानुवर्षे प्यालो, एवढे मात्र सांगितले. तेव्हा एकाने कानडीत काहीतरी म्हटले आणि सगळे हसले. आतेभावाने अर्थ सांगितला तो असा, की पाणी प्याले आहेत तर काकांनी उतरावे. मी सुरवार गुडघ्यापर्यंत वर केली. प्लॅस्टिकच्या पिशव्या, दारूच्या बाटल्या, गणपतीच्या आराशीचा थर्माकोल, एक आख्खी गादी. गादी भिजून इतकी जड झाली होती की ती काढावयास सहा जण लागले. दुपारपर्यंत ओढ्याचा वीसपंचवीस हात तुकडा मोकळा झाला आणि त्यातले पाणी हळूहळू सरकू लागले.

संध्याकाळी भजनास पेटी घेऊन बसलो, तो उजव्या हाताच्या दोन बोटांना काच लागल्याचे तेव्हा समजले. वरच्या सप्तकातल्या जागा सोडून दिल्या आणि खालच्या खाली म्हटले. पोरांना फरक कळला नाही. परवा आतेभावाचा फोन आला होता. वरच्या अंगाने पुन्हा कचरा वाहून आला आहे, आणि पोरांनी पुढला रविवार धरला आहे.