गुगल इमेजेस नव्हतं तेव्हा चित्र काढायला शिकायचे कसे? रावबहादूर धुरंधरांची गोष्ट

रत्नागिरीतल्या एखाद्या आठवीतल्या पोराला मिरकरवाड्याच्या जेट्टीवरची होडी काढायचीय. तो काय करतो? मोबाईल उघडतो, युट्यूबवर होडीचा व्हिडिओ शोधतो, पॉज करत करत कागदावर उतरवतो. खरी होडी असते घरापासून दहा मिनिटांवर.

मग घरातलं कुणीतरी म्हणतं, बघून बघून काढलंस, त्यात तुझं काय?

हा प्रश्न मोबाईलमुळे आला असं वाटत असेल तर थांबा. तो सव्वाशे वर्षांहून जुना आहे. आणि बघून काढत काढतच मोठा झालेला एक चित्रकार आपल्याकडे होऊन गेला. नाव, महादेव विश्वनाथ धुरंधर.

कोल्हापूर ते मुंबई

धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७ चा, कोल्हापूरचा. कुटुंब पाठारे प्रभू. चित्रांची आवड लहानपणापासूनची. पण तेव्हा चांगलं चित्र बघायला मिळणं हीच मोठी गोष्ट होती. छापील चित्रं कमी, प्रदर्शनं फक्त मोठ्या शहरांत. धुरंधरांचं नशीब असं की कोल्हापुरात आबालाल रहिमान यांच्यासारखा चित्रकार होता. त्यांच्या कामाचा या मुलावर परिणाम झाला.

जानेवारी १८९० मध्ये ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८५७ साली सुरू झालेली ही संस्था. धुरंधर आले तेव्हा जॉन ग्रिफिथ्स तिथले प्राचार्य होते.

तिथे शिकवायचे काय?

थोडक्यात सांगायचं तर, बघून काढायला.

लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये तयार झालेली पद्धत इथे वापरली जायची. आधी छापील नमुन्यावरून सरळ नक्कल. रेषा, वळणं, नक्षी. मग घनाकृती, भांडी अशा वस्तू समोर ठेवून चित्र. मग प्लास्टरचे पुतळे, त्यातले बरेचसे ग्रीक शिल्पांच्या प्रतिकृती. त्यावर हात बसला की जिवंत माणूस. एक पायरी जमली की पुढची.

म्हणजे आजच्या ट्युटोरियलसारखंच. फरक एवढाच की यात फास्ट फॉरवर्ड नव्हतं.

ग्रिफिथ्स यांनी आणखी एक मोठं काम केलं होतं. १८७२ ते १८८५ या काळात त्यांच्या देखरेखीखाली जे. जे. च्या विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या प्रती केल्या. या प्रती लंडनला पाठवल्या गेल्या आणि १८८५ च्या आगीत त्यातल्या बऱ्याच जळाल्या. तरी ग्रिफिथ्स यांनी १८९६ मध्ये अजिंठ्यावरचा मोठा ग्रंथ काढला. ज्याला अजिंठ्याला जाणं शक्य नव्हतं, त्याला निदान पुस्तकात ती चित्रं बघता आली.

नक्कल कुठे संपली?

पुतळ्यांवरून शिकलेला माणूस पुतळेच काढत बसला असता तर आज त्याचं नाव कुणी घेतलं नसतं. धुरंधरांनी ग्रीक पुतळ्यांवरून शरीराची मापं आणि छायाप्रकाश घेतला. आणि तो वापरला कुठे? आपल्या आसपासच्या माणसांवर.

१८९५ मध्ये त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. चित्र होतं 'आली का गं लक्ष्मी?'. विषय, मराठी घरातला.

पुढच्याच वर्षी ते जे. जे. मध्ये शिक्षक झाले आणि १९३१ पर्यंत तिथेच राहिले. शेवटच्या काळात त्यांनी संस्थेचं प्रमुखपदही सांभाळलं. ते मिळालेले ते पहिले भारतीय. सरकारने रावबहादूर ही पदवी दिली ती १९२७ मध्ये.

नोकरी सांभाळून त्यांनी काढलेल्या चित्रांची संख्या हजारांत आहे. स्केचेस तर त्याहून कितीतरी जास्त. मुंबईतल्या माणसांवरची गमतीदार पोस्टकार्डं. शिवाजी महाराजांच्या इतिहासातले प्रसंग. रेल्वेची पोस्टर्स. ऑटो रॉथफिल्ड यांच्या १९२० च्या 'विमेन ऑफ इंडिया' या पुस्तकातली वेगवेगळ्या प्रांतांतल्या स्त्रियांची चित्रं. नव्या दिल्लीच्या सचिवालयात भित्तिचित्रं काढणाऱ्यांतही ते होते.

नऊवारीचा काष्टा कसा बसतो, डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईची मान कशी राहते, हे प्लास्टरच्या पुतळ्याकडून कळत नाही. त्यासाठी रस्त्यावर उभं राहून बघावं लागतं. धुरंधरांची स्केचेस म्हणजे ते बघणं.

पण टीका झालीच

त्याच काळात कोलकात्यात ई. बी. हॅवेल आणि अवनींद्रनाथ टागोर वेगळं म्हणत होते. पाश्चात्त्य पुतळ्यांवरून शिकवून आपण भारतीय मुलांची नजर बिघडवतोय, आपल्या जुन्या चित्रपरंपरेकडे वळायला हवं, असा त्यांचा रोख होता. मुंबईचे चित्रकार वास्तववादी पद्धतीला धरून राहिले. हा वाद बरीच वर्षं चालला. पुढे आधुनिक चित्रकला आली तेव्हा धुरंधरांसारख्यांचं काम अनेकांना निव्वळ गोष्ट सांगणारं, जुनं वाटू लागलं.

टीकेत तथ्य नव्हतं असं नाही. समोर कुठला नमुना ठेवायचा हे परक्या सरकारची संस्था ठरवत होती. अजिंठ्याच्या प्रती करणाऱ्या याच संस्थेत रोजचा अभ्यास मात्र ग्रीक पुतळ्यांचा होता. पण नमुना कुणी दिला यावर सगळं ठरत नाही. त्याच्यावरून शिकलेलं तुम्ही कुठे नेता, यावरही ठरतं.

आज त्याचं काय?

१९४० मध्ये धुरंधरांचं 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे आत्मकथन आलं. १ जून १९४४ ला ते गेले. त्यांची मुलगी अंबिका हीसुद्धा जे. जे. मध्ये शिकून चित्रकार झाली. साताऱ्याजवळच्या औंधच्या संग्रहालयात धुरंधरांची चित्रं आजही बघता येतात. २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शनही भरलं होतं.

आणि गंमत बघा. शंभर वर्षांपूर्वीची मराठी बाई कशी नेसायची, बाजार कसा दिसायचा, हे काढायचं असेल तर आज आपण धुरंधरांची चित्रं समोर ठेवतो. बघून काढणाऱ्याचंच काम आता इतरांचा रेफरन्स झालंय.

आपल्यापैकी अनेकांनी शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिलीय. त्यात एक पेपर वस्तुचित्राचा असतो, दुसरा स्मरणचित्राचा. पहिल्यात समोरची वस्तू बघून काढायची, दुसऱ्यात काहीच समोर नसतं. आणि आपण काय करतो? स्मरणचित्रासाठीही गाईडमधला बाजार पाठ करतो. म्हणून शंभर पेपरांत एकच भाजीवाली बसलेली असते.

तेव्हा त्या मिरकरवाड्याच्या पोराला रागावू नका. व्हिडिओ बघून होडी काढू दे. फक्त नंतर त्याला जेट्टीवर घेऊन जा, हातात पेन्सिल द्या आणि मोबाईल तुमच्या खिशात ठेवा.