एमिल हॅन्सन : यीस्टच्या एका पेशीचा माग काढणारा शास्त्रज्ञ



सूक्ष्मजीवांचा पाठ आला की आपण मुलांना सांगतो, यीस्ट उपयोगी आणि रोगजंतू वाईट. मुलंही वहीत दोन रकाने आखून तसंच लिहितात. पण एकच यीस्ट उपयोगीही असू शकतं आणि त्रासदायकही, हे कोणी शोधलं? त्यासाठी एमिल ख्रिश्चन हॅन्सन यांची ओळख करून घेऊया.

हॅन्सन यांचा जन्म 1842 साली डेन्मार्कमधल्या रिबे गावी झाला. घरची गरिबी होती. तरुणपणी त्यांनी घरं रंगवण्याचं काम केलं. पुढे शिकवण्याचं कामही केलं, म्हणजे ते काही काळ आपल्याच व्यवसायातले! शिक्षणाची ओढ मात्र सुटली नाही. बरोबरीची मुलं नोकरीला लागली होती, त्या वयात ते कोपनहेगनच्या विद्यापीठात शिकत होते. शेणावर वाढणाऱ्या बुरशीवर त्यांनी निबंध लिहिला आणि 1876 साली त्याला सुवर्णपदक मिळालं. आपण नाक मुरडून पुढे जातो, तिथे हा माणूस भिंग घेऊन बसला होता बघा!

पुढे कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत ते काम करू लागले. ही प्रयोगशाळा बिअरच्या कारखान्याचे मालक जेकबसन यांनी 1875 साली सुरू केली होती. प्राथमिकच्या वर्गात बिअरचं नाव नको वाटत असेल, तर 'आंबवण्याचा कारखाना' म्हणा. विज्ञान तेच राहतं.

त्या काळी अशा कारखान्यांत अचानक सगळा माल कडवट व्हायचा, गढूळ व्हायचा, वास मारायचा. हजारो लिटर पेय ओतून द्यावं लागे. फ्रान्सच्या लुई पाश्चर यांनी याचं कारण जिवाणू असल्याचं दाखवलं होतं. म्हणून जिवाणू दूर ठेवा, स्वच्छता राखा, असा उपाय सगळे करत. तरीही माल बिघडतच होता.

हॅन्सन यांनी वेगळा विचार केला. दोषी यीस्टमध्येच लपला असेल तर? ज्वारी म्हटलं तरी मालदांडीची भाकरी वेगळी आणि संकरित ज्वारीची वेगळी, नाही का? तसे यीस्टचेही वाण असतील. पण सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या पेशी जवळपास सारख्याच दिसायच्या. मग ओळखायचं कसं?

त्यांनी यीस्टचं पाणी इतकं पातळ केलं, की एका थेंबात फार तर एकच पेशी यावी. त्या एका पेशीपासून वाढलेली सगळी वसाहत एकाच वाणाची. अशा शुद्ध वाणांनी त्यांनी वेगवेगळं पेय आंबवून पाहिलं. एका वाणाने चव छान आली, तर दुसऱ्याने कडवटपणा आणि गढूळपणा आणला. बिघाड करणारे हे 'जंगली' वाण हवेतून आणि फळांवरून कारखान्यात शिरत होते. 1883 साली कार्ल्सबर्गमध्ये शुद्ध वाणाचं यीस्ट वापरात आलं आणि माल सुधारला. विशेष म्हणजे ही पद्धत गुपित न ठेवता इतर कारखान्यांनाही खुली केली गेली. 1909 साली हॅन्सन यांचं निधन झालं. हॅन्सेनियास्पोरा हा यीस्टचा एक गट आजही त्यांचं नाव सांगतो.

पालकहो, आता ही गोष्ट आपल्या घरापर्यंत येते. हॅन्सन यांनी पेयाचे आजार पाहिले. नंतरच्या शास्त्रज्ञांना माणसाच्या आजारातही तोच प्रकार दिसला. पावातलं यीस्ट निरोगी माणसाला सहसा काही करत नाही. मात्र ज्यांची प्रतिकारशक्ती खूप कमी झाली आहे, अशा काही रुग्णांच्या शरीरात त्याच जातीचं यीस्ट सापडलं. त्यांतले काही वाण 42 अंश सेल्सिअसलाही वाढू शकत होते. उंदरांवरच्या प्रयोगात काही वाण शरीरात टिकून राहिले, तर काही लवकर नाहीसे झाले. तापलेल्या शरीरात जो वाण टिकतो, त्याच्याकडून धोका जास्त. जात एक, पण ताकद वेगळी.

जुलाबावर मुलांना कधी कधी यीस्टची पुडी देतात. तीही याच जातीच्या एका वाणाची असते. बहुतेक मुलांना ती चालते. पण अतिदक्षता विभागात असलेल्या, मोठ्या रक्तवाहिनीत नळी घातलेल्या रुग्णांमध्ये हेच यीस्ट क्वचित रक्तात शिरल्याच्या नोंदी आहेत. म्हणून घाबरू नका, पण गंभीर आजारी किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलाला अशी पुडी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. शेजारच्या मुलाला चालली म्हणून आपल्याला चालेलच असं नाही.

वर्गात एक सोपी कृती घ्या. मोहरी आणि राजगिरा एका वाटीत मिसळा. प्रत्येक मुलाने एकच दाणा उचलून कपातल्या मातीत पेरायचा. आठ-दहा दिवसांनी विचारा, तुझ्या कपात दोन प्रकारची रोपं का नाहीत? उत्तर देताना मुलं हॅन्सन यांची युक्ती आपोआप सांगतील. आणि वहीतल्या त्या दोन रकान्यांच्या मध्ये एक तिसरा रकाना आखायला सांगा : 'कोणता वाण, कुठे आणि कोणाच्या शरीरात, त्यावर अवलंबून.'