डॉ. रुस्तम जाल वकील: औषध शरीरातून गेलं तरी परिणाम मागे का राहतो?

बोरिवली किंवा मुलुंड स्टेशनजवळच्या मेडिकलच्या दुकानात संध्याकाळी दहा मिनिटं उभे राहिलात, तर बीपीची गोळी मागणारे चार-पाच जण तरी दिसतील. त्यांच्या चिठ्ठीवर 'सकाळी एक' असं लिहिलेलं असतं. शेजारच्या गिऱ्हाइकाला मात्र तापाची गोळी दर सहा तासांनी घ्यायची असते. एक गोळी दिवसभर पुरते आणि दुसरी सहा तासांत संपते, हे कुणी आणि कसं ठरवलं?

शरीरात औषध किती शिरतं, कुठे पसरतं, किती वेळ राहतं आणि कसं बाहेर पडतं, याचं गणित मांडणारी एक विद्याशाखा आहे. तिला फार्माकोकायनेटिक्स म्हणतात. मराठीत औषधगतिशास्त्र म्हणता येईल. मुंबईच्या एका डॉक्टरने या शाखेतलं एकही समीकरण लिहिलं नाही. तरीही औषधाची गती मोजली म्हणजे सगळं कळलं असं होत नाही, हे त्यांच्या रुग्णांच्या नोंदींतून आधीच दिसत होतं. त्यांचं नाव डॉ. रुस्तम जाल वकील.

मुंबई ते लंडन आणि परत

वकील यांचा जन्म १७ जुलै १९११ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. वैद्यकीय शिक्षण त्यांनी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयाच्या महाविद्यालयात घेतलं. १९३० च्या दशकाच्या अखेरीस ते मुंबईला परतले आणि परळच्या केईएम रुग्णालयात काम करू लागले. हृदयरोग हा त्यांचा मुख्य विषय.

त्या काळात उच्च रक्तदाबावर भरवशाचं औषधच नव्हतं. रुग्णाला मीठ तोडायला सांगायचे, विश्रांती घ्यायला सांगायचे. अमेरिकेत नुसत्या भात-फळांवर ठेवण्याचा प्रयोग चाले. फारच वाईट अवस्था असेल तर पाठीकडून शस्त्रक्रिया करून रक्तवाहिन्या आवळणाऱ्या नसा कापून टाकत. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब १९४४ मध्ये १८६/१०८ होता. जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाच्या प्रमुखाला देण्यासारखंही फार काही डॉक्टरांपाशी नव्हतं. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने त्यांचा मृत्यू झाला.

सर्पगंधेची मुळी

भारतात मात्र सर्पगंधा नावाचं एक झुडूप पूर्वापार वापरात होतं. सह्याद्री आणि कोकणातही ते उगवतं. त्याची मुळी साप चावल्यावर, झोप लागत नसल्यास आणि वेड लागल्यावर देत. बिहारकडे तर तिला वेडाचं औषध म्हणूनच ओळखत. १९३१ मध्ये कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळीने रक्तदाबही उतरतो असं लिहिलं. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दीकी आणि रफत सिद्दीकी यांनी मुळीतली काही रसायनं वेगळी केली. पण ही माहिती देशाबाहेर फारशी गेली नाही. परदेशी डॉक्टरांच्या लेखी ती एका गावठी झाडपाल्याची गोष्ट होती.

वकील यांनी ही मुळी आपल्या रुग्णांवर सुमारे दहा वर्षं वापरली आणि नोंदी ठेवल्या. १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये त्यांचा निबंध आला. त्यात ५० रुग्णांची माहिती होती. चार आठवडे मुळीच्या गोळ्या दिल्यावर बहुसंख्य रुग्णांचा रक्तदाब उतरला होता.

निबंधात आणखी एक गोष्ट होती. ती त्या वेळी कमी लोकांच्या लक्षात आली असावी. रक्तदाब पहिल्या दिवशी उतरत नव्हता, हळूहळू खाली येत होता. गोळ्या बंद केल्यावरही तो लगेच वर चढत नव्हता, परिणाम काही आठवडे टिकत होता. चार दिवस औषध देऊन, रक्तदाब मोजून प्रयोग गुंडाळणाऱ्याला हे दिसलंच नसतं. वकील यांना ते दिसलं, कारण औषध थांबवल्यावरही ते रुग्णांना तपासत राहिले.

टाकीतला रंग

हे वागणं चमत्कारिक का होतं, हे कळण्यासाठी औषधगतिशास्त्राचं साधं गणित पाहू.

समजा, तुमच्या सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीत कुणी लाल रंग टाकला. टाकीत जेवढं पाणी वरून येतं तेवढंच खालून जातं, त्यामुळे पातळी तीच राहते. बाहेर जाणाऱ्या पाण्याबरोबर रंगही जातो. रंग निम्मा व्हायला चार तास लागले, तर उरलेल्याचा निम्मा व्हायलाही चारच तास लागतील. शंभराचे पन्नास, पन्नासचे पंचवीस, मग साडेबारा. या ठरावीक वेळेला अर्धायुकाल म्हणतात. पाच अर्धायुकालांनंतर टाकीत जेमतेम तीन टक्के रंग उरतो.

उलट दिशेनेही हेच लागू होतं. रोज ठरावीक वेळी थोडा रंग टाकत राहिलात तर टाकीतलं प्रमाण वाढत जातं आणि सुमारे पाच अर्धायुकालांनी स्थिरावतं. आज बीपीसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या अॅम्लोडिपिनचा अर्धायुकाल ३० ते ५० तास आहे. म्हणून ती दिवसातून एकदाच पुरते. आणि म्हणूनच डॉक्टर दुसऱ्या दिवशी फरक नाही म्हणून डोस वाढवत नाहीत, आठवडा-दोन आठवडे थांबतात.

शरीर अर्थात एका टाकीइतकं सोपं नसतं. स्वीडनचे तॉर्स्टेन तेओरेल यांनी १९३७ मध्ये दोन निबंध लिहून शरीराचे कप्पे कल्पिले. औषध दिलेली जागा, रक्त, आणि स्नायू-चरबीसारख्या ऊती असे ते कप्पे. एका कप्प्यातून दुसऱ्यात औषध किती वेगाने जातं आणि मूत्रपिंडातून किती बाहेर पडतं, याची समीकरणं त्यांनी मांडली. फार्माकोकायनेटिक्स हा शब्द मात्र १९५३ मध्ये जर्मन डॉक्टर फ्रीड्रिख डोस्ट यांनी रूढ केला.

या गणितात एक गृहीत सहज शिरतं. रक्तात औषध आहे तोवर परिणाम, औषध संपलं की परिणाम संपला. पुष्कळ औषधांना ते लागू पडतं. सर्पगंधेला पडलं नाही.

औषध गेलं, परिणाम राहिला

वकील यांचा निबंध बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी वाचला आणि मुळी मागवून आपल्या रुग्णांना दिली. त्यांनाही तोच अनुभव आला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतलं मुख्य रसायन वेगळं केलं. त्याला रेसर्पीन नाव मिळालं. आता मुळीच्या पुडीऐवजी मोजून-मापून गोळी देता येऊ लागली.

अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेत औषधांचं शरीरातलं प्रमाण मोजण्याचं काम चाले. तिथे १९५५ मध्ये कळलं की रेसर्पीनमुळे मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाचा साठा रिकामा होतो. पुढच्या वर्षी त्याहून मोठी गोष्ट पुढे आली. प्राण्यांच्या मेंदूतून रेसर्पीन जवळजवळ नाहीसं झाल्यावरही सेरोटोनिन कितीतरी दिवस कमीच राहत होतं.

याचं कारण पुढे उलगडलं. नसांच्या टोकांशी सूक्ष्म पिशव्या असतात. त्यांत नॉरअॅड्रेनलिन, सेरोटोनिन यांसारखे संदेशवाहक साठवलेले असतात. ते पिशवीत भरणारं एक प्रथिन असतं. रेसर्पीन त्या प्रथिनाला घट्ट चिकटतं आणि भरणं थांबतं. बाहेर राहिलेला संदेशवाहक नष्ट होतो. रक्तवाहिन्या आवळण्याचा निरोप जात नाही, त्या सैल पडतात आणि रक्तदाब उतरतो. शल्यविशारद ज्या नसा सुरीने कापत होते, त्याच नसा ही गोळी आतून रिकाम्या करत होती. नव्या पिशव्या तयार होऊन नसेच्या टोकापर्यंत पोहोचेपर्यंत परिस्थिती सुधारत नाही. त्याला दिवस, कधी आठवडे लागतात.

उपनगरात राहणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. सकाळी आठला अंधेरीजवळ सिग्नल बिघडतो. अर्ध्या तासात दुरुस्त होतो. पण लोकल दुपारपर्यंत उशिराच धावतात. दुपारी दोनला सिग्नल तपासणाऱ्याला काहीच बिघाड सापडणार नाही. बिघाड गेलेला असतो, विस्कटलेलं वेळापत्रक मागे असतं. रेसर्पीनचं रक्तातलं प्रमाण मोजून रुग्णाची अवस्था सांगू पाहणं हे तसंच आहे.

म्हणून आज औषधाचं गणिती प्रारूप मांडताना दोन घड्याळं धरावी लागतात. पहिलं औषधाचं: ते किती वेगाने जातं. दुसरं शरीराचं: औषधाने जे मोडलं ते शरीर किती वेगाने पुन्हा उभारतं. जे घड्याळ हळू चालतं, त्यावरून परिणामाचा काळ ठरतो.

घाईची किंमत

दुसऱ्या घड्याळाकडे दुर्लक्ष झालं की काय होतं, तेही रेसर्पीननेच दाखवलं. परिणाम दिसायला वेळ लागतो, म्हणून डोस वाढवण्याचा मोह होई. मानसिक आजारांवर तर फार मोठे डोस दिले जात. १९५० च्या दशकात काही रुग्णांना खोल नैराश्य आल्याच्या नोंदी येऊ लागल्या. औषध बंद केलं तरी रिकाम्या झालेल्या नसा लगेच भरत नसल्यामुळे त्रासही लगेच थांबत नसे. नैराश्याशी असलेलं हे नातं किती पक्कं आहे यावर पुढे वाद झाले, पण डोस मात्र बराच खाली आणला गेला. शस्त्रक्रियेच्या दोन आठवडे आधी रेसर्पीन थांबवण्याची पद्धतही त्याच काळात पडली, कारण भूल दिल्यावर रक्तदाब अचानक कोसळण्याची भीती असे.

बेतशीर डोसात मात्र हे औषध जीव वाचवू शकत होतं. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तीव्र रक्तदाबाच्या १४३ पुरुषांपैकी निम्म्यांना खरी औषधं दिली, निम्म्यांना नुसत्या दिसायला सारख्या गोळ्या. खऱ्या औषधांत रेसर्पीन होतं. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांत २७ जणांना गंभीर त्रास झाला, खरी औषधं घेणाऱ्यांत दोघांना. रक्तदाब उतरवला तर माणूस वाचतो, याचा हा पहिल्या भक्कम पुराव्यांपैकी एक.

गोरेगावचं केंद्र

१९५७ मध्ये वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. १९५८ मध्ये भारत सरकारने पद्मभूषण दिलं. १९६९ मध्ये भारतीय डॉक्टरांच्या संघटनेचं वैद्यकशास्त्रावरचं मोठं पाठ्यपुस्तक पहिल्यांदा निघालं, त्याचे संपादक वकील होते. रुग्णाला हाताने, कानाने आणि डोळ्याने कसं तपासावं यावर त्यांनी अस्पी गोलवाला यांच्यासह लिहिलेलं पुस्तक वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी वापरलं.

दरम्यान, रेसर्पीन वेगळं करणारी सिबा कंपनी मुंबईच्या उपनगरात आली. मार्च १९६३ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते गोरेगाव पूर्वेला तिच्या संशोधन केंद्राचं उद्घाटन झालं. रसायनशास्त्रज्ञ टी. आर. गोविंदाचारी त्याचे प्रमुख होते. या केंद्रातून सिंटामिल हे नैराश्यावरचं औषध निघालं. रेसर्पीनने मेंदूतले साठे रिकामे होतात हे कळल्यामुळेच नैराश्याच्या रसायनाचा विचार जगभर सुरू झाला होता. परळच्या रुग्णालयातल्या नोंदी आणि गोरेगावची प्रयोगशाळा यांच्यात काही स्थानकांचंच अंतर, पण मधली वाट बोस्टन आणि बाझलवरून गेली होती.

सप्टेंबर १९७४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एकदम तीन निबंध आले. रेसर्पीन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग जास्त आढळतो, असं त्यांत म्हटलं होतं. पुढच्या मोठ्या अभ्यासांनी ही भीती खरी ठरवली नाही. पण ते निष्कर्ष पाहायला वकील नव्हते. २० नोव्हेंबर १९७४ रोजी त्यांचं निधन झालं. तोवर नवी औषधंही आली होती आणि रेसर्पीन हळूहळू मागे पडलं.

आपल्यासाठी यात काय?

आता पुन्हा त्या मेडिकलच्या दुकानात येऊ. गोळी दोन दिवस चुकली आणि तरी बीपी ठीक आलं, म्हणून औषधाची गरज संपली असं पुष्कळांना वाटतं. तो बहुधा आधीच्या गोळ्यांचा उरलेला परिणाम असतो. तसंच, नव्या गोळीने चार दिवसांत फरक पडला नाही म्हणून स्वतःच दोन घेणंही धोक्याचं. शस्त्रक्रियेआधी डॉक्टर गेल्या महिन्यात काय काय घेतलं असं विचारतात तेव्हा फक्त आजची नव्हे, बंद केलेलीही औषधं सांगा.

गोळी बंद केल्याने तिचा परिणाम त्याच दिवशी संपत नाही. वकील यांना हे कळलं, कारण औषध थांबवल्यानंतरही त्यांनी आपल्या रुग्णांना पुन्हा तपासायला बोलावलं.