खाप्रूमामांचा रियाज

दक्षिण गोव्यात पारोड्याजवळ चंद्रेश्वराचा डोंगर आहे. लोक त्याला नुसते पर्वत म्हणतात, आणि पर्वतकर हे आडनाव त्यावरूनच आले. लक्ष्मणराव पर्वतकर यांचा जन्म १८८० च्या सुमारास झाला. पुढे साऱ्या गोव्याचे ते खाप्रूमामा झाले.

मामा सारंगी वाजवीत, तबलाही वाजवीत. परंतु त्यांचे नाव झाले ते लयीमुळे. एका हाताने एक ताल, दुसऱ्या हाताने दुसरा, पायाने तिसरा आणि तोंडाने आणखी वेगळाच, असे सारे ते एकाच वेळी चालवीत आणि नेमके एकाच समेवर आणून सोडीत. ही विद्या त्यांना बव्हंशी स्वतःच्या चिंतनातून मिळाली.

वाचकहो, ही जादू नव्हे, हिशेब आहे. झपतालाच्या मात्रा १०, धमाराच्या १४. दोन्ही एकाच मात्रेवर सुरू केले, तर लसावि ७०. म्हणजे झपतालाची ७ आवर्तने आणि धमाराची ५ झाली की दोन्ही समा पुन्हा एकत्र येतात. त्यात १६ मात्रांचा त्रिताल मिसळला की ही भेट थेट ५६० मात्रांनी! हा हिशेब फळ्यावर पाचवीतले पोरही मांडील. तो अंगात मुरविणे मात्र निराळे. तिथे बोटे शिकून भागत नाही, आधी डोके शिकावे लागते.

आपल्याकडे पीएसएलईचे वर्ष आले की तबला कपाटावर चढतो. शेजाऱ्यांना त्रास, वेळ नाही, अशी कारणे असतात, आणि ती खोटीही नसतात. पण मामांच्या विद्येतला मोठा भाग असा आहे की त्याला वाद्यच लागत नाही. डाव्या हाताने मांडीवर चार-चार मोजावे, उजव्याने तीन-तीन. बाराव्या मात्रेनंतर दोन्ही हातांची सम एकत्र पडते का पाहावे. एमआरटीतही जमते. पहिले काही दिवस हात एकमेकांची नक्कल करतात, मग हळूहळू सुटे होतात.

अल्लादिया खाँसाहेबांसारख्या गवयाने मामांना ‘लयब्रह्मभास्कर’ ही पदवी दिली. तबलजीला साथीदार म्हणून मागे बसविण्याच्या त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती.

मामा १९५३ साली वारले. गोव्यात तेव्हा अजून पोर्तुगीजांचेच राज्य होते.